आधी ठराव, मग भाषण

(परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी व तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर विद्यार्थी संसदेच्या स्पर्धेची सूचना लागली, की परभणीपासून सेलू-पाथरीपर्यंत आणि जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत एकच धावपळ सुरू होते. खणखणीत आवाजाचा मुलगा कोण, सभेत न घाबरणारी मुलगी कोण, याचा शोध घेतला जातो. एखादे प्राध्यापक भाषण लिहून देतात. त्यात दोन सुभाषिते, एखादा शेर आणि शेवटी टाळ्यांसाठी राखून ठेवलेले एक वाक्य असते. मुले ते पाठ करतात, आरशासमोर हातवारे बसवतात. स्पर्धेच्या दिवशी ठरावाच्या बाजूने उभा राहिलेला आपले पाठांतर म्हणतो, विरोधात उभा राहिलेला आपले म्हणतो आणि दोघांच्या बोलण्याचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो. या प्रकाराला संसद म्हणायचे असेल, तर तमाशातला सवाल-जवाब त्याहून अधिक संसदीय म्हणावा लागेल. तेथे निदान समोरच्याचा सवाल ऐकल्यावाचून जवाब देता येत नाही.

हा दोष मुलांचा नाही. त्यांना जे शिकवले जाते तेच ती करतात. दोष आहे तो तयारीच्या कल्पनेत. वक्तृत्व, वादविवाद आणि विद्यार्थी संसद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत याचा विसर पडलेला आहे. वक्तृत्वात एक वक्ता असतो आणि श्रोते असतात. वादविवादात दोन पक्ष असतात आणि परीक्षक असतो. संसदेत या सर्वांखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे निर्णय. चर्चा संपल्यावर तेथे मत घेतले जाते आणि त्या मताने कोणाला तरी काही तरी करावयास सांगितले जाते. काय करावयास सांगावयाचे आहे हे ज्याला नेमके ठाऊक नाही, त्याचे भाषण कितीही रसाळ असले तरी संसदेच्या दृष्टीने ते निरुपयोगी होय. म्हणून या स्पर्धेची तयारी भाषणापासून सुरू होत नाही. ती ठरावाच्या मसुद्यापासून सुरू होते.

आपल्याकडे या उपक्रमाचा सरकारी इतिहास बराच जुना आहे. १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शाळा-महाविद्यालयांतून अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस केली. तिला अनुसरून १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत युवक संसद स्पर्धा सुरू झाल्या. विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यासाठीची स्पर्धा १९९७-९८ पासून आली. या योजनेतील गुणांची विभागणी मोठी बोलकी आहे. १०० गुणांपैकी भाषणांच्या दर्जासाठी ३० गुण ठेवलेले आहेत. संसदीय कार्यपद्धतीच्या पालनाला २०, प्रश्नांची निवड व उत्तरांचा दर्जा यांना २०, चर्चाविषयाच्या निवडीला १०, शिस्तीला १० आणि एकंदर प्रभावाला १० गुण आहेत. म्हणजे ज्याच्या मागे सगळे महाविद्यालय लागलेले असते, त्या भाषणाला तिसऱ्या हिश्श्याहून कमी गुण. आणि ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या विषय, प्रश्न व पद्धती यांना मिळून निम्मे गुण!

तथापि या योजनेचीही एक मर्यादा आहे. सुमारे तासाभराच्या बैठकीत शपथविधीपासून विधेयकापर्यंत सारे बसवावयाचे असल्याने संपूर्ण कामकाज आगाऊ लिहून त्याच्या तालमी करण्याकडे महाविद्यालयांचा कल असतो. मंत्र्याला काय विचारले जाणार हे मंत्र्याला ठाऊक असते. विरोधी पक्षाचा सभात्यागही आठ दिवस आधी ठरलेला असतो. अमेरिकेतील शाळांमध्ये ‘स्टुडंट काँग्रेस’ या नावाने जी स्पर्धा चालते तिची रीत वेगळी आहे. तेथे विद्यार्थी स्वतः विधेयके व ठराव लिहून आणतात. बाजूने आणि विरोधात अशी आळीपाळीने तीन-तीन मिनिटांची भाषणे होतात. भाषण संपताच बोलणाऱ्याला प्रश्न विचारले जातात आणि पीठासीन अधिकारीही विद्यार्थ्यांतूनच निवडला जातो. पुढचा प्रश्न कोणता येईल हे तेथे कोणालाच माहीत नसते. त्या देशाच्या राजकारणातले सर्वच काही अनुकरणीय नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने कायद्याचा मसुदा स्वतः लिहावा आणि अनपेक्षित प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर द्यावे, ही गोष्ट उचलण्यासारखी खचितच आहे.

परभणीच्या विद्यार्थ्याला तर या शिक्षणाचे मोल अधिक कळावयास हवे. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फतव्याने जाहीर सभेला पूर्वपरवानगी सक्तीची केलेली होती. सभा कोणत्या विषयावर, वक्ता कोण, हे आधी अंमलदाराला कळवावे लागे. चार माणसांनी एकत्र येऊन ठराव करणे हाच जेथे संशयाचा विषय होता, तेथे १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले. हे परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये ते नव्या जालना जिल्ह्यात गेले. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातील व औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. एकत्र बसावे, बोलावे, मत द्यावे आणि विरुद्ध मत सहन करावे, हा अधिकार या भूमीत कोणी बहाल केलेला नाही. तो मिळवावा लागला. जो अधिकार मिळवावा लागतो तो वापरावयासही शिकावा लागतो.

आता मसुद्याकडे वळू. विद्यार्थ्यांनी आणलेल्या ठरावांत एक नमुना हमखास आढळतो: ‘या सभागृहाचे असे मत आहे की, ग्रामीण बेरोजगारी ही गंभीर समस्या आहे.’ याला विरोध कोण करणार? आणि ज्याला कोणीच विरोध करू शकत नाही त्यावर चर्चा कशी होणार? हा ठराव नाही, हा सुस्कारा आहे. ठरावाने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत. काय करावयाचे? ते कोणी करावयाचे? केव्हापर्यंत करावयाचे? त्याचा पैसा कोणाच्या खिशातून येणार? आणि केले नाही तर काय होणार? ही पाच उत्तरे एका कागदावर लिहिल्याखेरीज भाषणाचे पहिले वाक्यही लिहू नये, असा नियमच प्रत्येक महाविद्यालयाने करावा.

या पाच प्रश्नांचे महत्त्व महाराष्ट्राच्या विधिमंडळातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. दोन्ही एकाच काळातील आहेत आणि दोन्हींचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे.

पहिले रोजगार हमीचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात एक लहानसा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी त्या प्रयोगाची गरज साऱ्या राज्याला पटवून दिली. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याला वरील पाच प्रश्न विचारून पाहावे. काय करावयाचे? ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने मागणी करताच अंगमेहनतीचे काम द्यावयाचे. कोणी? शासनाने. केव्हापर्यंत? १५ दिवसांच्या आत. पैसा कोणाचा? नोकरदार, व्यावसायिक, व्यापारी, मोटारमालक यांच्यावर कर बसवून तो उभा करावयाचा आणि तितकीच भर शासनाने घालावयाची. काम न दिल्यास? बेकारभत्ता द्यावयाचा. अंमलबजावणीत हजेरीपटाच्या भानगडी झाल्या, कामे निकृष्ट झाली, हे सारे खरे. पण मजुराच्या हातात एक कागद आला आणि तो कागद दाखवून तहसील कचेरीसमोर बसता येऊ लागले. नेमक्या शब्दांचे सामर्थ्य ते हेच. पुढे २००५ मध्ये देशाच्या संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव सर्वथा न्याय्य होता. परंतु विद्यापीठाचे नाव कायद्याने ठरलेले होते आणि ठरावाने कायदा बदलत नाही. केव्हा, कोणत्या पायरीने, कोणाच्या जबाबदारीवर, या प्रश्नांची उत्तरे सभागृहाबाहेर पडेपर्यंत मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. त्यात परभणी जिल्हाही होता. माणसे मारली गेली, घरे जळाली, कुटुंबांनी गाव सोडले. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. हिंसेचा दोष हिंसा करणाऱ्यांचा, ठरावाच्या मसुद्याचा नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. तरीही सभागृहात हात वर करणाऱ्या किती सदस्यांनी आपल्या मतदारसंघातील पारावर बसून या ठरावाची बाजू मांडली, हा प्रश्न उरतोच. सभागृहातील बहुमत आणि गावातील संमती यांच्यामध्ये जे अंतर असते, ते समजावून सांगण्याच्या कष्टांनीच कापावे लागते. विद्यार्थी संसदेत ठराव मांडणाऱ्याला हेही विचारले पाहिजे, की तुझ्या गावात हा ठराव तू कोणत्या शब्दांत मांडशील?

मसुद्यानंतर आकड्यांचा प्रश्न येतो. आकडा म्हटला की मुले दोन प्रकारे वागतात. काही जण आकड्यांना भिऊन दूर राहतात आणि काही जण भाषणात आकड्यांचा पाऊस पाडतात. आकडा कशासाठी वापरावयाचा याचा धडा लोकसभेने १९६३ मध्ये घालून दिलेला आहे. त्या वर्षी पोटनिवडणुकीतून निवडून आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी सभागृहात सांगितले की, या देशातील २७ कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी दिलेला आकडा १५ आण्यांचा होता. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. तीन आणे, साडेसात आणे आणि पंधरा आणे यांवर साऱ्या देशात चर्चा झाली.

या वादातील मर्म विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की सरासरी येते. त्या सरासरीत गिरणीमालक आणि त्याच्या गिरणीतील झाडूवाला एकाच पंक्तीला बसतात. लोहियांचा प्रश्न सरासरीचा नव्हताच. तळाच्या साठ टक्क्यांच्या वाट्याला काय येते, हा तो प्रश्न होता. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद होऊ शकतात, पण प्रश्न बदलताच सरकारलाही आपला आकडा खाली आणावा लागला, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्यात बसून भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न होता. तेव्हा आकडा ऐकताच विद्यार्थ्याने विचारावे: हा कोणाचा आकडा? कशाने भागलेला? यात कोण झाकले गेले?

याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये राज्य शासनाने प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५० कोटी ८५ लाख, म्हणजे सुमारे साडेतेवीस टक्के होता. विदर्भाचा सुमारे ३९ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांहून अधिक. मराठवाड्यातील वक्ता व्यासपीठावरून ‘सारा अनुशेष आमचाच’ असे गरजत असेल, तर अभ्यासू प्रतिस्पर्धी त्याला या एका आकड्याने खाली बसवील. ‘पुढारलेल्या’ भागाचा अनुशेष इतका मोठा कसा? कारण समितीने जिल्हा हे एकक धरले आणि राज्याची सरासरी हा निकष मानला. मग पुढारलेल्या प्रदेशातील मागासलेला जिल्हाही हिशेबात आला. तालुका एकक धरला असता, तर चित्र आणखी वेगळे दिसले असते. एकक कोणते निवडावे हा वरवर पाहता आकडेशास्त्राचा प्रश्न आहे. वास्तविक तो न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यावर एक उत्तम चर्चा उभी राहू शकते.

अशा आकड्यांसाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. राज्याची ‘आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीतून प्रसिद्ध होते. ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ या नावाची पुस्तिका प्रत्येक जिल्ह्यासाठी निघते. त्यात सिंचन, पिके, शाळा, दवाखाने, रस्ते यांची तालुकावार कोष्टके असतात. विधिमंडळातील चर्चेचे अहवालही वाचावयास मिळतात. यांखेरीज मोंढ्यातील अडत्या, कालव्यावरचा पाटकरी आणि गावचा ग्रामसेवक हे चालतेबोलते संदर्भग्रंथ आहेत. त्यांना विचारण्याची लाज वाटता कामा नये.

परभणीच्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी कोणता विषय घ्यावा? पाण्याचा घ्यावा. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते प्रकल्पाचे लोकार्पण झाले. पैठणहून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे; तो औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि जालना जिल्हे ओलांडून परभणीत शेपटाला येतो. वरच्या बाजूस नाशिक-नगरकडे धरणे झाली आणि तुटीच्या वर्षी जायकवाडीत पाणी किती सोडावयाचे हा तंटा उभा राहिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आणि त्या प्राधिकरणाच्या २०१४ मधील आदेशाने जायकवाडीच्या साठ्याशी निगडित ६५ टक्क्यांचे सूत्र आले.

‘तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे’ या ठरावावर परभणीचा कोणताही मुलगा तासभर बोलेल. म्हणूनच त्याला पहिल्या दिवशी विरोधी बाजू द्यावी. त्याने नाशिकचा द्राक्षबागाईतदार होऊन उभे राहावे. बाग एकदा वाळली तर पुन्हा उभी राहण्यास किती वर्षे लागतात, त्यावरच्या कर्जाचे काय, नदीच्या कोरड्या पात्रातून सोडलेले पाणी वाटेत किती मुरते, हे त्याने सांगावे आणि मनापासून सांगावे. त्यानंतर दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे. तिसऱ्याने उभे राहून विचारावे, की नाशिककडे जो न्याय मागावयाचा तोच न्याय डाव्या कालव्याच्या माथ्यावरचा ऊसवाला शेपटाच्या ज्वारीवाल्याला देतो काय? आणि चौथीने विचारावे, की ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्या शेतमजुराला या समन्यायी पाण्यातून काय मिळते? हे चार प्रश्न झाले की ठरावाचा मूळ मसुदा टिकत नाही. मग त्याला उपसूचना सुचवाव्या लागतात आणि खरी संसद तेथे सुरू होते.

विरुद्ध बाजूने बोलावयास लावले तर मुलांची निष्ठा डळमळेल, अशी भीती काही कार्यकर्त्यांना वाटते. ही भीती निराधार आहे. जी निष्ठा प्रतिपक्षाचे उत्तम म्हणणे ऐकताच डळमळते, ती परीक्षागृहाबाहेर चार दिवसही टिकणार नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडून मग त्याचे खंडन करावयाचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची परंपरा या देशात फार जुनी आहे. तिला आज केवळ शास्त्री-पंडितांच्या ओसरीवरून उचलून सर्व जातींच्या मुलामुलींच्या वर्गात आणावयाचे आहे.

नियमांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हरकतीचा मुद्दा, उपसूचना, पुरवणी प्रश्न, गणपूर्ती, अध्यक्षांचा निर्णय हे सारे किचकट वाटते आणि मुले ते केवळ शोभेसाठी पाठ करतात. पण बहुमतवाल्याला नियमांची गरज फारशी नसते. त्याच्याकडे हात असतात. नियमांची गरज असते ती अल्पमताला. मधू लिमये यांच्या मागे लोकसभेत मोठी संख्या कधीच नव्हती. पण संविधान आणि कामकाजाचे नियम यांवर त्यांची जी पकड होती, तिच्यामुळे मंत्री त्यांच्या प्रश्नाची धास्ती घेत. अशासकीय विधेयकांचेही तसेच. संसदेच्या साऱ्या इतिहासात अवघी १४ अशासकीय विधेयके कायदा होऊ शकली आणि त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे. तरीसुद्धा अशी विधेयके मांडली जातात, कारण आज पडलेला विचार उद्या सरकारी विधेयकाच्या रूपाने परत येऊ शकतो. मतदानात हरणे आणि वाद हरणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे विद्यार्थ्याला ज्या दिवशी कळते त्या दिवशी त्याचे निम्मे शिक्षण झाले.

हरकतीचा मुद्दा म्हणजे आपल्याला न आवडलेल्या विधानाला घेतलेली हरकत नव्हे; तो नियमभंगाविषयी असतो. पुरवणी प्रश्न मूळ उत्तरातून निघावा लागतो, म्हणजे आधी उत्तर ऐकावे लागते. उपसूचनेने ठराव सुधारला पाहिजे. त्याचा आशयच उलटा करणारी उपसूचना म्हणजे मागील दाराने केलेला विरोध होय. पीठासीन अधिकाऱ्याच्या जागी वर्गातील सर्वांत शांत मुलीला किंवा मुलाला बसवावे आणि प्रत्येक सरावात ती जागा बदलावी. ज्याला सदैव बोलावेसे वाटते, त्याने एकदा तरी तासभर इतरांना न्यायाने बोलू देण्याचे काम करून पाहावे.

आता तयारीचा क्रम. हाताशी चार आठवडे असतील, तर पहिला आठवडा मसुद्याला द्यावा. प्रत्येकाने एक ठराव लिहावा, सर्वांनी मिळून त्याला पाच प्रश्न विचारावेत आणि टिकतील तेवढे ठेवावेत. दुसरा आठवडा माहितीचा. प्रत्येक विधानासमोर ती माहिती कोठून मिळाली हे वहीत लिहावे आणि ज्याचे मूळ सापडत नाही ते विधान खोडून टाकावे. भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या मजकुराला तर दुप्पट कसोटी लावावी. तिसऱ्या आठवड्यात रोज बाजू बदलून बोलावे, तीन मिनिटांत आटपावे आणि लगेच प्रश्नांना तोंड द्यावे. चौथ्या आठवड्यात संपूर्ण बैठकीचा सराव करावा. मात्र प्रश्न आधी कोणाला सांगू नयेत. पाठ काही करावयाचेच असेल तर पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य करावे. मधले सारे समोरच्याने काय म्हटले त्यावर ठरावे.

भाषेविषयी न्यूनगंड बाळगू नये. पालम-सोनपेठच्या खेड्यातून आलेली मुलगी आपल्या बोलीच्या वळणाने बोलते म्हणून तिला मागच्या बाकावर बसवले जाते आणि शहरी उच्चारांचा मुलगा नेता ठरतो, हा अन्याय अनेक महाविद्यालयांत बिनबोभाट चालतो. पाण्याच्या रांगेत उभे राहणारी आणि रेशनच्या दुकानात हुज्जत घालून आपले धान्य घेणारी मुलगी प्रश्नोत्तराच्या तासाला कोणाहून कमी नसते. प्रमाण मराठी तिने अवश्य शिकावी. पण ती येईपर्यंत तिने गप्प बसावे असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कार्यकर्त्यांसाठीही एक पथ्य आहे. विद्यार्थी संसद ही पक्षप्रचाराची जागा नव्हे. तेथे जाणाऱ्या मुलांच्या तोंडी तयार घोषणा घालण्याचा मोह टाळावा. त्यांना पुस्तके मिळवून द्यावीत, एका संध्याकाळी तहसील कचेरीत किंवा कालव्यावर न्यावे, त्यांचा मसुदा निर्दयपणे तपासावा आणि मग त्यांना त्यांचे मत बनवू द्यावे. ते मत विरोधी निघाले तरी हरकत नाही.

येथे एका विसंगतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. हिंसाचाराचे कारण पुढे केले गेले आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले आणि मग निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. संसदेचे नाटक बसवावयाचे आणि वर्गाचा प्रतिनिधी मात्र निवडू द्यावयाचा नाही, हे शिक्षण अपुरे आहे. ‘महाविद्यालयीन निवडणुका खर्चाची मर्यादा व आचारसंहिता घालून पुन्हा घ्याव्यात’ हा ठराव प्रत्येक विद्यार्थी संसदेत यावा आणि त्याच्या विरोधातही कोणी तरी समर्थपणे बोलावे.

हे सारे एका चषकासाठी करावयाचे काय? परभणीचा अलीकडचा इतिहासच याचे उत्तर देतो. १९७४ मध्ये येथील कृषी विद्यापीठातील नोकरभरतीवरून असंतोष पेटला, मराठवाड्याच्या विकासाचे आंदोलन उभे राहिले आणि तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी मरण पावले. पन्नास वर्षांनी, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर शहरात जाळपोळ झाली, धरपकड झाली आणि पकडलेल्यांपैकी कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्युमुखी पडला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांना एका माळेत ओवण्याचे कारण नाही. पण प्रत्येक वेळी किंमत मोजली ती तरुणांनी. जेथे म्हणणे मांडण्याची, ते ऐकले जाण्याची आणि उत्तर मागण्याची जागा नसते, तेथे प्रश्न रस्त्यावर येतात आणि रस्त्यावर हरकतीचा मुद्दा चालत नाही.

म्हणून स्पर्धा संपल्यावर ठरावाचा कागद फेकून देऊ नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. निदान त्या भराव्यात अशी अपेक्षा असते. अनेक गावांत कोरम भरत नाही आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. विद्यार्थी संसदेत बक्षीस मिळवलेल्या मुलाने वा मुलीने आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत जावे, शाळेच्या छताविषयी वा पाणंद रस्त्याविषयी एक नेमका ठराव लिहून न्यावा आणि काय, कोणी, केव्हापर्यंत, कोणाच्या पैशाने, न केल्यास काय, हे पाच प्रश्न तेथे विचारावेत. पहिल्या वेळी लोक हसतील. दुसऱ्या वेळी सरपंच उत्तर देण्याचे टाळतील. तिसऱ्या वेळी ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा लागेल. तो लिहिला गेला आहे की नाही, हे पाहूनच उठावे.